विमलाबाईंच्या त्रेसष्ट ओव्या

टेबलावर प्रबंध उघडा पडला होता. खोलीतली तिन्ही माणसे त्याच्याकडे पाहत होती आणि एकमेकांकडे पाहण्याचे टाळत होती. पान एकेचाळीस. ते मिटू नये म्हणून सावळीराम पगारे यांनी त्यावर आपल्या चष्म्याचे घर ठेवले होते. त्यांची मुलगी सृष्टी खुर्चीच्या अगदी कडेला बसून पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती. टेबलाच्या पलीकडे सुवर्णा बोरस्ते, मराठी विभागात वीस वर्षे शिकवलेली बाई, आपले दोन्ही तळवे काचेवर पालथे ठेवून बसली होती. सांत्वनाला आलेला नवा माणूस दारात दिसला की घरातल्यांचे बोलणे अर्ध्यावर तुटते, तशी ती शांतता होती. फरक इतकाच, की इथे नवा माणूस कोण हे सुवर्णाला ठरवता येत नव्हते.

खिडकीखाली कुठेतरी फेब्रुवारीच्या उन्हात वाळलेली पाने झाडली जात होती. निफाडहून सकाळीच आलेल्या द्राक्षांची परडी तिने पाहुण्यांपुढे सरकवली होती. कुणी एक मणीही तोडला नव्हता.

विभागाचा शिपाई सोमनाथ चहा घेऊन आला. "मॅडम, साखर बेताचीच आहे बरं का. आज मशीनला न विचारता टाकलीय."

सुवर्णाच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वेडावरचा हा विनोद गेली दोन वर्षे तो रोज करीत असे आणि सुवर्णा रोज हसत असे. आज कुणी हसले नाही. सोमनाथने तिघांच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली, कप आवाज न करता ठेवले आणि जाताना दार अर्धे ओढून घेतले.

"मॅडम," सावळीराम म्हणाले, "मी भांडायला आलो नाय."

"मला कळतंय, पगारेकाका."

"नाय, आधी ऐका. भांडायचं असतं तर चार माणसं घेऊन आलो असतो. मी एकटा आलोय, आन् ही पोरगी. मला फक्त एवढं सांगा, ह्यात आईच्या ओव्या कोणत्या आन् मशीनच्या कोणत्या. मशीनच्या असतील त्याच्यावर रेघ मारा. बाकीच्या मी घरी घेऊन जातो."

एवढीच मागणी होती. मनमाडच्या रेल्वे वर्कशॉपातून फिटर म्हणून निवृत्त झालेला एकसष्ट वर्षांचा माणूस आपल्या मेलेल्या आईचे शब्द परत मागत होता. आणि ते परत करण्याचे कोणतेही साधन सुवर्णाजवळ नव्हते.

आदल्या वर्षी सृष्टी एम. ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. प्रबंधासाठी तिने आपल्या आजीच्या, विमलाबाईंच्या, जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. विमलाबाई ब्याऐंशी वर्षांच्या. फुप्फुसांनी साथ सोडलेली. दुपारी धाप जरा कमी झाली की त्या उशीला टेकून बसत, सृष्टी फोन त्यांच्या छातीशी धरी, आणि त्या एक ओळ म्हणत, मग खोकत, मग दुसरी अर्धी म्हणून "ऱ्हाऊ दे आता, पुढचं उद्या" म्हणत. असे बावीस उद्या झाले. तेविसावा झाला नाही. डिसेंबरात सुरू झालेले गाणे जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात बंद पडले. एप्रिलमध्ये सृष्टीने प्रबंध दिला: त्रेसष्ट ओव्या, सगळ्या पूर्ण, एकही ओळ तुटलेली नाही. विभागात त्या वर्षीचे सर्वांत जास्त गुण तिला मिळाले. सुवर्णाने स्वतः खटपट करून त्या ओव्यांचे छोटे पुस्तक काढायचे ठरवले होते. मुखपृष्ठाची मुद्रिते मागच्याच सोमवारी आली होती.

"आईचा स्मृतिदिन झाला पंधरा दिवसांखाली," सावळीराम सांगू लागले. "विहारात. वंदना झाली, आन् ही उभी राहिली वाचायला. बायांनी पदर डोळ्याला लावले. मी म्हणलं, आई आली परत. आन् मग ह्या ओवीला सगुणामावशीनं काठी आपटली."

"सगुणामावशी म्हणजे?"

"आमच्या शेजारच्या. सगुणाबाई. आईच्या बरोबरीची, जात्याची जोडीदारीण. ती म्हणली, 'थांब गं पोरी, कुनाचं वाचती तू?' ही म्हणली, आजीचं. तर म्हातारी म्हणती, 'चाळीस वर्सं एका जात्याला बसलो. खुटा एक आन् हात दोन. इमल दारात तुळस लावती, तिला पनती लावती, आन् मला ठाव नाय? मंग मी काय आंधळी हुते व्हय?'" ते थांबले. चहाच्या कपाचा कान त्यांनी भिंतीकडे वळवला. "बाया हसल्या, मॅडम. आईच्या पुण्यानुमोदनाला बाया हसल्या."

सुवर्णाने चष्म्याचे घर हळूच बाजूला केले. खाली काय लिहिले आहे ते तिला पाहावे लागत नव्हते. ती ओवी तिला पाठ होती.

*लेक माझी गेली बाई, झबलं राहिलं दोरीला*
*दारीच्या तुळशीपाशी पणती लावते पोरीला*

या दोन ओळींवर तिने एक लेख लिहिला होता. बुद्धाला शरण गेलेल्या घरातही स्त्रीच्या मनाच्या तळाशी जुनी पणती कशी तेवत राहते, असा काहीसा त्याचा सूर होता. एका चर्चासत्रात तिने तो वाचला तेव्हा सभागृह गहिवरले होते. ती स्वतःही गहिवरली होती. आणि याच प्रबंधाच्या बाराव्या पानावर दुसरी ओवी होती:

*बापानं माझ्या देव नेले पाटीत भरून नदीला*
*कोनाड्यात त्यांच्या जागी पुस्तक ठेवलं लेकीला*

ही ओवीही तिने वर्गात शिकवली होती. विमलाबाई तेव्हा चौदा वर्षांच्या होत्या. देव नदीला नेताना पाटीची एक बाजू त्यांनी धरली होती, असे सृष्टीने तळटीपेत नोंदवले होते. बारा आणि एकेचाळीस. मध्ये अठ्ठावीस पाने होती, आणि ती ओलांडताना सुवर्णाला कुठे ठेच लागली नव्हती. निफाडच्या तिच्या घराला जसे दार होते तशी दारात तुळस होती. आई पाणी घालायची, वहिनी घालते. दुसऱ्या कुणाच्या दारात ती नसेल, आणि नसणे हे त्या दारासाठी एखाद्या माणसाने आयुष्यभर राखलेले असेल, ही गोष्ट तिच्या वाचनातून, अभ्यासातून, वीस वर्षांच्या शिकवण्यातून कशी निसटली, हे तिला आता या खुर्चीत बसून कळत होते.

"चूक माझी आहे, मॅडम," सृष्टी पहिल्यांदाच बोलली. "फोन भरला होता. आजीच्या अंत्ययात्रेचे व्हिडिओ सगळ्यांनी पाठवलेले. काही उघडतच नव्हतं. ओव्या लिहून झाल्यात, आता सुरक्षित आहेत, असं वाटलं मला. मी आवाजाच्या फाइली पुसल्या."

"तू गप," सावळीराम म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. जखमेवर फुंकर घालताना मुलाला 'हलू नको' म्हणावे तसे ते म्हणाले.

चूक कुणाची हे सुवर्णाला ठाऊक होते. ती चूक तिच्या पाठीमागच्या फलकावर चार टाचण्यांनी लावलेली होती.

दोन वर्षांपूर्वी महाविद्यालयात अध्यापनातील कृत्रिम बुद्धिमत्तेवर तीन दिवसांची कार्यशाळा झाली. बाकीच्या प्राध्यापकांनी जेवणाची तारीफ करून प्रमाणपत्रे घरी नेली. सुवर्णा मात्र पेटली. तिच्या वर्गात देवळ्याच्या कांद्याच्या शेतातून, सुरगाण्याच्या डोंगरातून, मनमाडच्या रेल्वे वसाहतीतून मुले येत. घरची बोली लिहून काढताना त्यांची दमछाक होई, आणि संहितेत आवाज तुटल्याचे ठिपके दिसले की बाहेरचे परीक्षक हात आखडत. 'अपूर्ण संकलन' असा शेरा मारून मोकळे होत. एवढ्याशा ठिपक्यांपायी या मुलांनी का मागे पडावे? एक अख्खा रविवार बसून तिने एक पानी तक्ता तयार केला. कोणत्या टप्प्यावर मशीनला कोणते वाक्य द्यायचे, ते त्यात जसेच्या तसे लिहिले होते. पहिले वाक्य, ध्वनिमुद्रण ऐकून लिहून घे. दुसरे, बोलीचे रूप राख. तिसरे, ओव्यांना क्रमांक दे. आणि चौथे, जे लिहिताना तिला स्वतःच्या मराठीचा थोडा अभिमान वाटला होता: "जिथे आवाज तुटला असेल तिथे लोकपरंपरेला धरून ओळ पूर्ण कर." सगळ्यात खाली एक सूचना होती. मूळ ध्वनिफिती विभागात जमा करण्याची आवश्यकता नाही.

मुलांनी तक्त्याप्रमाणे केले. मशीनने सांगितल्याप्रमाणे केले. तुटलेल्या आवाजाच्या जागी त्याने परंपरा ओतली; ती त्याला जिथून जशी मिळाली होती तशी. तुळस, पणती, देवघर, सासरची वाट. ठिपके नाहीसे झाले. परीक्षक प्रसन्न झाले.

"थांबा," सुवर्णा म्हणाली आणि लॅपटॉप पुढे ओढला. "यालाच विचारून बघू."

"त्याला आठवत आसंल?" सावळीरामांच्या डोळ्यांत क्षणभर काहीतरी हलले.

विभागाच्या ज्या खात्यावरून चाळीस मुलांनी काम केले होते, त्यातली जुनी संभाषणे सत्र संपताच पुसून टाकायचा नियम तिनेच केला होता. तरी तिने संपूर्ण प्रबंध त्याच्यापुढे ठेवला आणि विचारले, यातल्या कोणत्या ओळी यंत्राने रचलेल्या आहेत. उत्तर यायला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही. एक नीटनेटकी यादी, प्रत्येक ओळीपुढे कारण. तिने ती मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"क्रमांक सात. 'मनमाडच्या ठेसनाला इंजिन पाणी पितं गं बाई, माझ्या घागरीच्या वाट्याला थेंब कुणी देत नाई.' याने लिहिलंय, ही ओळ आधुनिक वाटते, त्यामुळे कृत्रिम असण्याची शक्यता अधिक."

सावळीराम हसले. इतका वेळ दाबून ठेवलेले हसू, पण त्यात आनंद नव्हता. "ही? अवो, ही तर आमची झोपमोड करायची. पहाटं चारला. बाप म्हणायचा, अगं रेल्वेची भाकर खातीस आन् रेल्वेलाच शिव्या घालतीस. तर आणखी जोरात म्हणायची."

"आणि एकेचाळीस पानावरची..." सुवर्णाचा आवाज खाली आला, "ती त्याने अस्सल पारंपरिक म्हटली आहे."

तिने पुन्हा विचारले. मशीनने नम्रपणे क्षमा मागितली, आपले म्हणणे अगदी बरोबर आहे असे सांगितले आणि दुसरी यादी दिली. तिने तिसऱ्यांदा विचारले. पुन्हा क्षमा, पुन्हा नवी यादी.

"बंद करा मॅडम ते," सावळीराम म्हणाले. "आमच्या शॉपमधी एक चार्जमन होता, आम्हा फिटरांच्या वरचा, हुबेहूब असा. कुठला बोल्ट ढिला हाय इचारलं की पहिला दाखवायचा. तो नाय वो म्हणलं की लगेच दुसरा. 'बरोबर, बरोबर, दुसराच असंल.' गाडी सुटायच्या टायमापर्यंत सगळे बोल्ट दाखवून व्हायचे त्याचे. माणूस लय गोड होता. त्याच्यावर कुणी कधी चिडलंच नाय."

लॅपटॉप मिटला गेला. त्याच्या पडद्यात दिसणारा छताचा पंखा नाहीसा झाला.

मग सावळीरामांनी खिशातून पेन्सिल काढली. वर्कशॉपातली, सुताराची, चपटी. म्हणाले, सगुणामावशीने विहारातच बसून एकोणीस ओव्या ओळखल्या आहेत. त्यांच्यापुढे खुणा करून आणल्यात. बाकीच्या इथे तुमच्यासमोर बघू. सुवर्णाने वाचायचे आणि त्यांनी ऐकायचे असे ठरले. ती पहिली ओवी वाचू लागताच तिला जाणवले की ती चर्चासत्रात वाचते तशी वाचत आहे. शब्दांना पॉलिश करीत, शेवटच्या अक्षरावर किंचित रेंगाळत. तिने आवाज सपाट केला.

सावळीरामांचा उजवा हात टेबलाच्या काचेवर गोल फिरू लागला. मूठ वळलेली, जणू खुंटा हाती आहे. डोळे मिटलेले. घरचे जाते त्या हाताने पाहिले होते. चार-पाच वर्षांचा असताना आईच्या हातावर हात ठेवून फिरवलेही होते. काही ओव्यांना ते मध्येच "हां" म्हणत आणि पुढची ओळ सुवर्णाच्या आधी त्यांच्या ओठांवर येई, प्रबंधात होती त्याहून थोडी खडबडीत. तिथे पेन्सिलीची खूण होई. काहींना ते मान हलवत. "देव्हाऱ्यात समई? आमच्याकडं? काट मारा." काट मारली जाई. पण बऱ्याच ओव्यांना तो हात नुसता फिरत राही, सुरळीत, एका लयीत. अडचण अशी होती की खोट्या ओळींवरही तो अडखळत नव्हता. मशीनला लय अचूक साधली होती. दळण पडत होते; कोणत्या ज्वारीचे, ते कळत नव्हते.

"पुन्हा वाचा," ते म्हणत. सुवर्णा पुन्हा वाचे. हात पुन्हा फिरे. "असंल... नाय... राहू द्या, पुढची घ्या."

असे करता करता पान एकेचाळीस आले. तिने पहिली ओळ वाचली आणि दुसरी ओळ तिच्याने वाचवेना. ती थांबली.

सावळीरामांचा हात मात्र थांबला नाही. तो फिरतच राहिला. एक फेरा. दोन फेरे. तीन. काचेवर मुठीचा बारीक घासल्याचा आवाज येत होता. सृष्टीने पिशवीचा बंद सोडून दिला होता आणि ती त्या हाताकडे पाहत होती.

"बरोब्बर," ते डोळे मिटूनच म्हणाले. "अशीच होती ही ओवी."

"म्हणजे?"

"ही ओवी पुरी नव्हतीच, मॅडम." त्यांनी डोळे उघडले. "माझ्या पाठची बहीण. दीड वर्साची. त्या उन्हाळ्यात नळाला आठ-आठ दिवस पाणी नाय, आलं तर गढूळ. हगवण लागली, दोन दिवसांत गेली. मग आई दळायला बसली की ही एक ओळ म्हणायची. लेक माझी गेली बाई, झबलं राहिलं दोरीला. आन् पुढं काय नाय. नुसतं जातं. सगुणामावशी पण बोलायची नाय तेव्हा. दोन फेरे, तीन फेरे, कधी सात. मग दुसरीच ओवी धरायची. मी अंथरुणात पडून मोजायचो, आज किती फेरे. कमी झाले की मला बरं वाटायचं."

ते सृष्टीकडे वळले. "तुझ्या फोनमधी पण तशीच म्हणली आसंल ना आजी? खोकला नव्हता तो."

सृष्टीने मान खाली घातली.

"आवाज तुटला नव्हता, मॅडम," सावळीराम म्हणाले. "तिथं तिचं तेवढंच म्हणणं होतं."

बाहेरच्या व्हरांड्यात मुले हसत जिना उतरून गेली. सुवर्णाने पेन्सिल हातात घेतली आणि दुसऱ्या ओळीवर रेघ मारली. रेघ सरळ आली नाही. तुळस, पणती, पोरीला: तीन शब्द रेघेखालूनही स्पष्ट वाचता येत होते, आणि ते अजूनही सुंदर होते. इतका वेळ तिला ज्याची भीती वाटत होती ते हेच असावे. वाचणाऱ्याचा घसा दाटावा अशी ती ओळ होती, आणि तिच्यामागे कुणाचेही मूल मेलेले नव्हते.

उरलेली पाने त्यांनी भराभर संपवली. शेवटी सावळीरामांनी मोजले. सगुणाबाईंच्या एकोणीस. आज त्यांना स्वतःला आठवलेल्या चौदा, त्यात ही अर्धी धरून. काट मारलेल्या नऊ.

"राहिल्या एकवीस," ते म्हणाले. "ह्या कुणाच्या?"

सुवर्णा बोलू लागली. पुस्तक थांबवते म्हणाली. लेख मागे घेते, जिथे छापला आहे तिथे कळवते, चूक माझ्या तक्त्याची होती, विद्यार्थिनीची नाही, असे माझ्या सहीने लिहून देते. फलकावरचा तो कागद आजच काढते. पुढच्या वर्षीपासून मूळ आवाज जमा केल्याशिवाय एकही प्रबंध घेणार नाही. ठिपके असतील तिथे ठिपकेच राहतील, परीक्षकांशी मी भांडेन. ती बोलत राहिली आणि बोलता बोलता तिला ऐकू येत गेले की आपली प्रत्येक गोष्ट पुढच्या वर्षाची आहे.

सावळीरामांनी सगळे ऐकून घेतले. "तुम्ही कराल मॅडम. तुम्ही चांगल्या हाय. वाईट आसत्या तर सोपं झालं आसतं." मग त्यांनी त्या एकवीस ओव्यांच्या पानांवरून बोट फिरवले. "आता हे बघा. ह्या काटल्या आन् आईच्या निघाल्या, तर मी माझ्या हातानं आईचं तोंड दाबलं. ठेवल्या आन् मशीनच्या निघाल्या, तर तिच्या तोंडी तुळस घातली. तुम्ही शिकल्या-सवरलेल्या. तुम्ही सांगा, काय करू?"

सुवर्णाने पेन्सिल परत त्यांच्यापुढे सरकवली.

त्यांनी प्रबंध मिटला, कापडी पिशवीत घातला. पेन्सिल खिशात ठेवली. उठताना त्यांची नजर द्राक्षांवर गेली आणि शिष्टाचार म्हणून त्यांनी दोन मणी तोडून तोंडात टाकले. "गोड हायेत. निफाडची ना?"

"हो. घरची."

"जय भीम, मॅडम. येतो." ते दारापाशी थांबले. "पोरी, मी खाली जातो. गाडी पावणेपाचची हाय."

त्यांची पावले जिन्यावरून खाली गेली. सृष्टी उठली, खुर्ची जागेवर सरकवली, तिघांचे कप एकात एक घालून ट्रेमध्ये ठेवले. ही सवय तिची पहिल्या वर्षापासूनची. सुवर्णाने या मुलीसाठी पुढचे पुष्कळ काही मनात बांधून ठेवले होते: पीएच.डी.ची प्रवेशपरीक्षा, विषय, मार्गदर्शक म्हणून स्वतःचे नाव. या खोलीत आपल्या जागी एक दिवस तिने बसावे, इथपर्यंत.

आणि तिला मार्च महिन्यातला तो तास आठवला. खरे तर तो मघापासून खोलीत येऊन उभाच होता. तिने त्याच्याकडे पाहिले नव्हते. प्रबंधाचा कच्चा खर्डा तिच्या हातात होता. तिने ही ओवी वर्गाला वाचून दाखवली होती, पहिली ओळ आणि मग दुसरी, आणि 'तुळशीपाशी'वर ती क्षणभर रेंगाळली होती. "ऐका," ती म्हणाली होती, "याला म्हणतात परंपरेची मुळं. कुणी कितीही उपटली तरी..." तिसऱ्या बाकावरून सृष्टीने हात वर केला होता. खांद्यापर्यंत, त्याहून वर नाही. "मॅडम, ती ओवी..." एवढेच शब्द. सुवर्णाला वाटले, आजी जाऊन दोन महिने झालेत, पोर रडेल. ती मायेने म्हणाली, "हो गं, कळतं मला. आपण नंतर बोलू." हात खाली गेला होता. आणि नंतर गुण आले, पुस्तक आले, चर्चासत्र आले. नंतर असे कधी आलेच नाही.

"सृष्टी."

ती दाराशी वळली.

"त्या दिवशी वर्गात मी ही ओवी वाचली, तेव्हा तू हात वर केला होतास." सुवर्णाचे तळवे पुन्हा काचेवर पालथे झाले. "तुला तेव्हाच माहीत होतं? ही दुसरी ओळ आजीची नाही, हे तुला तेव्हा सांगायचं होतं का?"

सृष्टी परत टेबलापाशी आली. वडील चष्म्याचे घर विसरून गेले होते. तिने ते उचलले. आत चष्मा नव्हता. तिने ते तसेच, अंगठ्याने दाबून मिटवले. मग सुवर्णाच्या डोक्यावरून पलीकडे, चार टाचण्यांनी लावलेल्या कागदाकडे ती पाहत राहिली. चौथ्या वाक्यापर्यंत वाचायला लागतो तितका वेळ.

नंतर तिने पिशवी खांद्याला अडकवली, अर्धे ओढलेले दार पुरते उघडले आणि व्हरांड्यातून, वळून न पाहता, जिन्याकडे चालू लागली.